अपघाताच्या भरपाईचा अर्ज कच्चा राहिला तर खर्च कुणाच्या अंगावर पडतो? बेळगाव सीमाभागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर आणि तिकडे हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या मराठी घरांतून अपघाताच्या केसेस घेऊन माणसं येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक अर्ज असतो. तो त्यांच्या नावाचा असतो, खाली सही त्यांचीच असते, पण आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नसतं. वकिली करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की लोकांचे नेहमीचे प्रश्न एकदा नीट लिहून काढावेत असं वाटलं. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या केसचे कागद बघूनच सल्ला घ्या.

अर्ज नीट लिहिला नाही म्हणून कोर्ट आपल्याला दंड करतं का?

सहसा नाही. म्हणूनच लोक या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

कायद्यात तरतुदी आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, असा साधारण नियम आहे. जाणूनबुजून खोटा किंवा त्रास देण्यासाठी दावा केला असेल तर कलम ३५-अ आहे, पण त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये. ही मर्यादा फारच अपुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलेलं आहे. कामकाज लांबवणाऱ्या पक्षावर कलम ३५-ब खाली कॉस्ट (समोरच्याला द्यायची खर्चाची रक्कम) घालता येते. अपघाताच्या निकालात तर शेवटी ‘खर्चासह अंशतः मंजूर’ असं लिहिलेलं असलं, तरी त्यात धरलेली वकील फी पुष्कळदा हजारभर रुपयांच्या घरात असते. म्हणजे जिंकलात तरी तुमचा खरा खर्च समोरच्याकडून निघत नाही आणि हरलात तरी फार मोठी कॉस्ट बसत नाही.

कच्च्या अर्जाची किंमत निकालाच्या शेवटच्या ओळीत दिसत नाही. मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, त्यात ती दडलेली असते. बुडालेलं व्याज, न मागितलेले खर्च, दुरुस्तीसाठी वाढलेल्या तारखा, बुडालेला रोज आणि मग अपिलासाठी धारवाडच्या फेऱ्या, यांची पावती कुणी देत नाही.

असं किती नुकसान होऊ शकतं? आकड्यात सांगा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंगचं काम करणारा ३४ वर्षांचा माणूस. दुचाकीवरून घरी जाताना ट्रकनं धडक दिली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. वय ३१ ते ३५ असेल तर सरला वर्मा खटल्याच्या (२००९) तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणतात तो) १६.

कच्च्या अर्जात लिहिलंय: ‘अर्जदार मजुरी करतो व त्यास गंभीर दुखापत झाली आहे.’ पगाराचा कागद जोडलेला नाही, कामाचं स्वरूप सांगितलेलं नाही. मग न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचे अर्ज चालवणारं कोर्ट) अंदाजे उत्पन्न धरतं. समजा महिना १३,००० धरले आणि डॉक्टरांनी संपूर्ण शरीराचं अपंगत्व १५ टक्के सांगितलं. हिशेब होतो १३,००० गुणिले १२ गुणिले १६, त्याचे १५ टक्के. ३,७४,४०० रुपये.

आता तोच माणूस, तीच जखम. पण अर्जात लिहिलंय की तो साच्यात वाळू ठोकतो, वितळलेल्या लोखंडाची लाडल दोन्ही हातांनी धरतो, उजव्या हाताची पकड गेल्यापासून मालकानं त्याला झाडलोटीच्या कामावर टाकलंय आणि त्याला आधी १८,००० मिळत होते हे बँकेच्या पासबुकात दिसतं. त्या कथनाला धरून मालकाची किंवा सुपरवायझरची साक्ष झाली आणि न्यायाधिकरणानं कमाईच्या क्षमतेतली घट ३० टक्के धरली, तर रक्कम होते १०,३६,८०० रुपये.

फरक ६,६२,४०० रुपयांचा. भविष्यातल्या उत्पन्नवाढीची भर यात अजून धरलेलीच नाही. दवाखान्याची बिलं, वेदनेची भरपाई, व्याज हेही बाहेरच आहे. शरीराचं अपंगत्व आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात फार स्वच्छ शब्दांत सांगितलंय. पण तो परिणाम तुमच्या बाबतीत कसा झाला हे कुणीतरी लिहायला तर हवं!

अपघाताच्या अर्जाला इतके काटेकोर नियम लागू नाहीत, असं ऐकलं होतं.

बरोबर ऐकलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे न्यायाधिकरण संक्षिप्त पद्धतीनं चौकशी करतं आणि पुरावा फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडे’ लागत नाही. शब्द चुकला म्हणून अर्ज फेकून देत नाहीत.

पण ही सवलत जखमी माणसासाठी आहे. अर्ज लिहिणाऱ्यानं तिचा अर्थ ‘काहीही लिहिलं तरी चालतं’ असा घेतला, की मागच्या अशिलाचा अर्ज काढायचा, नाव, तारीख, गाडीचा नंबर बदलायचा आणि छापायचा, असं होतं. पाय मोडलेल्याच्या अर्जात ‘डोक्यास मार लागल्याने स्मरणशक्ती गेली’ ही आधीच्या माणसाची ओळ तशीच राहिलेली मी स्वतः वाचली आहे. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात तेवढी एक ओळ धरली आणि त्या खऱ्याखुऱ्या जखमी माणसाच्या सगळ्याच बोलण्यावर सावट आलं. त्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मला विचारत होता, “बाई, हे मी कधी सांगितलं?” त्यानं सांगितलंच नव्हतं.

मग अर्जात नेमकं काय असायला हवं?

अपघात कसा झाला, हे आधी. तारीख आणि वेळ तर हवीच, पण रस्ता कुठून कुठे जाणारा, तुम्ही कोणत्या बाजूनं चालला होता, समोरचं वाहन कुठून आलं, त्याच्या चालकानं काय चूक केली, हेही हवं. ‘भरधाव व निष्काळजीपणे’ हे दोन शब्द सगळ्याच अर्जांत असतात, त्यांनी काही सिद्ध होत नाही.

आमच्या भागातलं ठरलेलं दृश्य म्हणजे गळीत हंगामातली रात्र आणि रस्त्याच्या कडेला उभी उसाची ट्रॉली. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पंक्चर काढायला ड्रायव्हर गेलाय. दुचाकीवाला मागून जाऊन धडकतो. अर्जात फक्त ‘अर्जदाराची दुचाकी उभ्या ट्रॉलीस धडकली’ एवढंच लिहिलं तर चूक दुचाकीवाल्याची दिसते. दिवा नव्हता, निम्मी ट्रॉली डांबरावर होती, समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले, हे खरं असेल तर तिथंच लिहायला हवं. नाहीतर योगदायी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात तुमचीही चूक होती असं धरून टक्के कापले जातात. ८ लाखांच्या भरपाईत ३० टक्के कापले तर २,४०,००० गेले. वेळीच लिहिलेल्या तीन ओळींची ही किंमत.

मग जखमा, ऑपरेशनं, किती दिवस ॲडमिट होता, अजून कोणतं ऑपरेशन बाकी आहे. रॉड किंवा प्लेट काढायची असेल तर त्याचा अंदाजे खर्च. भरपाईची सदरं अनेक आहेत: औषधपाणी, प्रवास, पौष्टिक आहार, सोबत राहणाऱ्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची कमाई, पुढचे उपचार, वेदना, आयुष्यातल्या सुखांना मुकणं. आई सहा महिने उशापायथ्याशी बसली आणि तिचा विड्या वळण्याचा रोज बुडाला, हेही नुकसानच आहे. निपाणीकडच्या कितीतरी अर्जांत ते नसतंच.

उत्पन्न हे शेवटचं, आणि सगळ्यात दुर्लक्षित. शेती असेल तर आरटीसी (जमिनीचा) उतारा, कारखान्याच्या ऊसबिलाची पावती, डेअरीचं दूधबिल. गवंड्याला पगारपत्रक नसतं, पण ज्याच्या घराचं काम चालू होतं तो मालक साक्ष देऊ शकतो. काहीच नसेल तर अपघाताच्या वर्षाप्रमाणे अंदाजे उत्पन्न धरण्याचा कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा तक्ता लोकअदालतीत वापरतात, आणि कोर्टंही त्याचा आधार घेतात. कुशल कारागिराला मात्र तो तक्ता बहुधा कमीच पडतो.

पोलिसांनी जबाब कन्नडमध्ये लिहिला. मला वाचता येत नाही. त्याचा अर्जाशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे. एफआयआर, जबाब, जागेचा महजर (ज्याला आपण पंचनामा म्हणतो), आरोपपत्र हे सगळं कन्नडमध्ये असतं. मराठी माणूस दवाखान्यातल्या खाटेवरून मराठीत सांगतो, हवालदार ते ऐकून कन्नडमध्ये उतरवतो आणि दोघांचाही हेतू चांगला असताना गडबड होते. कन्नडमध्ये ‘एड’ म्हणजे डावं आणि ‘बल’ म्हणजे उजवं. एका शब्दाची अदलाबदल झाली की तुम्ही चुकीच्या बाजूनं गाडी चालवत होता असा अर्थ निघतो. मग वकील तो जबाब न वाचता तुमच्या तोंडी हकिकतीवरून अर्ज लिहितो, आणि एकाच अपघाताच्या दोन गोष्टी कोर्टापुढे जातात.

म्हणून अर्ज टाइप होण्याआधी पोलिसांचे सगळे कागद कन्नड येणाऱ्या माणसाकडून ओळीनं वाचून घ्या. जबाबात चूक असेल तर ती झाकू नका. ‘पोलिसांनी नोंदवताना अमुक तपशील चुकला आहे, प्रत्यक्षात असे घडले’ हे अर्जातच लिहा. महजरसोबतचा नकाशा बघा. डाव्या-उजव्याचा वाद शब्दांपेक्षा नकाशावर लवकर मिटतो.

अर्ज मराठीत देता येतो का?

खालच्या कोर्टांचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. अपघाताचे अर्ज बहुतेक इंग्रजीत टाइप होतात. मराठी कागद जोडला तर त्याचं भाषांतर द्यावं लागतं, आणि ते आधीच न दिल्यानं एकदोन तारखा फुकट जातात.

साक्ष मात्र तुम्हाला येते त्याच भाषेत द्या. अर्धवट कन्नड किंवा इंग्रजीत ‘हो, हो’ म्हणत उत्तरं देऊ नका. मराठीतून बोलतो असं न्यायाधीशांना नम्रपणे सांगितलं की ते त्याप्रमाणे नोंद करून घेतात. प्रतिज्ञापत्राखाली ‘मजकूर अर्जदारास मराठीत वाचून समजावून सांगितला’ अशी नोंद असते. ती नोंद खरी असेल याची काळजी तुम्हीच घ्यायची. वाचून दाखवल्याशिवाय त्या ओळीखाली सही करू नका.

माझं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. अडचण येईल का?

येते, पण ती अर्जातल्या एका ओळीनं सुटते.

सीमाभागात हे घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं. कन्नड कागदात आडनाव गळलेलं किंवा आडनावाऐवजी गावाचं नाव. कोल्हापूर किंवा मिरजेच्या दवाखान्यात सोबतच्या माणसानं घाईत सांगितलेलं घरातलं हाक मारायचं नाव. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं, पण जुन्या पॉलिसीवर, जुन्या आरसीवर जुनंच नाव असतं. अर्जाच्या शीर्षकातच ‘उर्फ’ घालून सगळी रूपं लिहा. हे राहिलं तर पैसे मंजूर झाल्यावर बँकेत अडकतात आणि पुन्हा दुरुस्ती अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तारीख.

जाबदार कुणाकुणाला करायचं?

जाबदार म्हणजे ज्याच्याकडून भरपाई मागायची तो. वाहनाचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी. चालकालाही करणं शहाणपणाचं.

ट्रॅक्टर-ट्रॉलीत दरवेळी घोटाळा होतो. ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी, ट्रॉलीची वेगळी, विमाही वेगळा असू शकतो. अर्जात फक्त ट्रॅक्टर घातला आणि दोन वर्षांनी विमा कंपनीनं ‘अपघात ट्रॉलीमुळे झाला, ट्रॉलीचा विमा आमच्याकडे नाही’ असं म्हटलं, की मागं जाऊन नवा जाबदार जोडावा लागतो. त्याला नोटीस, त्याची कैफियत (लेखी उत्तर), सगळं पहिल्यापासून.

गाडी विकलेली पण नाव न बदललेली, हाही नेहमीचा प्रकार. सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार खटल्यात (२०१८) सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच. त्यामुळे ‘आता गाडी वापरतो तो’ एवढाच जाबदार केला तर अर्ज लंगडा पडतो.

वायव्य कर्नाटकच्या किंवा महाराष्ट्राच्या एस.टी.नं धडक दिली असेल तर महामंडळालाच जाबदार करायचं. डेपो मॅनेजरला नाही.

मी चंदगड तालुक्यातला, अपघात बेळगावजवळ झाला. केस कुठे घालू?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे तीन पर्याय आहेत: अपघात झाला तिथं, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथं, किंवा जाबदार राहतो तिथं. शिनोळीचा माणूस महाराष्ट्रात केस घालू शकतो, आणि कागलजवळ अपघात झालेला बेळगावचा माणूस बेळगावात. अर्जात तुमचा राहण्याचा पत्ता पुराव्यासह नीट असला पाहिजे एवढंच. साक्षीदार, डॉक्टर आणि कागद कुठे आहेत ते बघून ठरवा. उपचार कोल्हापुरात आणि केस बेळगावात असेल तर तिथल्या डॉक्टरांना साक्षीला आणण्याचा प्रवासखर्च आणि त्यांचा भत्ता तुमच्या डोक्यावर येतो. हा खर्च लोक आधी मोजत नाहीत.

मुदत किती?

सहा महिने. १९९४ नंतर बरीच वर्षं मुदतच नव्हती, म्हणून ‘सावकाश घालू’ ही सवय लागली. २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो मिळाला का, याची चौकशी ठाण्यात करत राहा.

सहा महिन्यांच्या धास्तीनं घाईघाईत अर्ज दाखल होतात, हा या तरतुदीचा वाईट परिणाम मी रोज बघते. मुदत वाचवायला अर्ज द्यायचाच असेल तर निदान अपघाताची हकिकत आणि जाबदार तरी पक्के करा. उपचार चालू असतील तर तसं लिहा आणि अपंगत्वाचा दाखला नंतर देऊ म्हणून सांगा.

रक्कम कमी मागितली गेली तर?

मोटार अपघातात घाबरू नका. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या कर्नाटकातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मागितल्यापेक्षा जास्त, पण न्याय्य रक्कम देता येते. मात्र पुराव्याशिवाय कुणी वाढवून देत नाही. उलट ‘५० लाख लिहून टाका, तोडून १० तरी देतील’ हेही करू नका. आकडा फुगवला की खऱ्या बिलांकडेही संशयानं बघितलं जातं.

चुकलेला अर्ज दुरुस्त करता येतो का?

येतो, आणि जितक्या लवकर तितका स्वस्तात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज देतात. २००२ पासून त्याला एक अट आहे: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल तर, पुरेशी काळजी घेऊनही ती आधी करता आली नसती, हे दाखवावं लागतं. न्यायाधिकरणं जखमी माणसाच्या बाजूनं मन मोठं करतात, पण कॉस्ट घालून. ती कॉस्ट काही शे किंवा हजार रुपये असते. तिच्या मागं येतं ते जास्त महाग: जाबदाराला जादा कैफियतीची संधी, तुमची पुन्हा साक्ष, पुन्हा उलटतपास. कॉस्ट भरल्याशिवाय दुरुस्ती अमलात येत नाही, हे विसरून तारीख गमावणारेही आहेत. भरलेल्या कॉस्टची पावती जपून ठेवा.

त्यापेक्षा अर्ज मागं घेऊन नवा घातला तर?

आधी दोनदा विचार करा. नव्यानं अर्ज घालण्याची परवानगी कोर्टाकडून मागून घेतल्याशिवाय मागं घेतला तर दुसरा अर्ज अडतो. परवानगी देतानाही कोर्ट कॉस्ट घालू शकतं. त्यात सहा महिन्यांची मुदत. आणि व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळतं, अपघाताच्या नाही. कर्नाटकात हा दर बहुधा ६ टक्के असतो. म्हणजे १० लाखांवर वर्षाला ६०,००० रुपये. दोन वर्षांनी अर्ज बदलला तर १,२०,००० पाण्यात.

विजेचा धक्का, खड्ड्यात पडणं, भिंत कोसळणं, यांना हेच नियम?

नाही. मोटार वाहन नसेल तर साधा दिवाणी दावा, आणि तिथं मसुद्याला खरी धार लागते. वादपत्रात (दाव्याच्या अर्जात) दाव्याचं कारणच दिसलं नाही तर आदेश ७, नियम ११ खाली ते नाकारलं जातं. रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, ती परवडत नसेल तर आदेश ३३ खाली निर्धन म्हणून परवानगी मागावी लागते. सरकारी खात्यावर दावा असेल तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी हवी. ती न देता रस्त्याच्या खड्ड्याबद्दल दावा घातला तर निकाल खड्ड्यावर लागतच नाही, नोटिशीवर लागतो. हरलात तर कलम ३५ ची कॉस्ट इथं जास्त बोचते.

कामावर जाताना किंवा कामात अपघात झाला. दोन्ही कायद्यांखाली मागू का?

ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांना मोटार कायदा आणि कामगार नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही दारं उघडी असतात. पण कलम १६७ प्रमाणे एकच निवडायचं. कामगारांचा हा कायदा १९२३ चा, आणि आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कामगाराच्या दारात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, पण वेतनाला मर्यादा आहे आणि वेदनेची भरपाई नाही. मोटार कायद्यात रक्कम मोठी होऊ शकते, पण समोरच्याची चूक दाखवावी लागते. ड्रायव्हरची स्वतःचीच चूक असताना कलम १६६ खाली अर्ज घातला आणि पाच वर्षांनी फेटाळला गेला, असं झालं तर दोष नशिबाचा नसतो. दार चुकीचं निवडलेलं असतं.

समोरच्यांची कैफियत मोघम असेल तर?

फायदा तुमचा. ‘सर्व मजकूर नाकबूल’ एवढं म्हणून भागत नाही, प्रत्येक गोष्ट नेमकी नाकारावी लागते. पण हा फायदा तेव्हाच, जेव्हा तुमच्या अर्जात नेमकं काही लिहिलेलं असेल. मोघम अर्जाला मोघम उत्तर पुरतं.

केस जिंकायला थोडं इकडचं तिकडे लिहिलं तर?

कृपा करून नको. ट्रॉलीत बसून लग्नाला जात होतात, आणि अर्जात ‘रस्त्यानं चालत होतो’ लिहिलं. किंवा धडक दिलेल्या बिनविम्याच्या गाडीऐवजी पाहुण्याची विमा असलेली गाडी दाखवली. विमा कंपन्या आता दवाखान्यातली पहिली नोंद काढतात. ‘गाडीवरून स्वतः पडला’ असं तिथं लिहिलेलं असेल तर केस तिथंच संपते, मिळालेले पैसे परत द्यावे लागतात, आणि खोट्या पुराव्याबद्दल फौजदारी होऊ शकते. खरी हकिकत अडचणीची असेल तर ती वकिलाला आधी सांगा. विम्याची अट मोडली असली तरी, कंपनीनं जखमीला पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश कित्येकदा होतो.

चूक वकिलाची असेल तर खर्च त्याच्याकडून मिळतो का?

अवघड आहे, आणि हे माझ्याच व्यवसायाबद्दल सांगताना मला वाईट वाटतं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलांच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानीचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं, वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा पक्षकाराला नको, असं म्हणून कॉस्ट त्या वकिलाकडून वसूल करायला सांगितली होती. पण असे आदेश विरळा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. दवाखान्याच्या दारात भेटून ‘आधी काही देऊ नका, नंतर पंचवीस टक्के’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती कागद देऊ नका. त्याला तुमच्या केसच्या संख्येत रस असतो, तुमच्या मनगटात नाही. छापील अर्ज तिथूनच येतात.

धारवाडला अपील केलं की सगळं सुधारतं ना?

बेळगावची अपिलं कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापुढे जातात. मुदत ९० दिवसांची. रक्कम वाढवून मिळते, पण आधीच्या नोंदीवर. अर्जात नसलेली आणि साक्षीत न आलेली गोष्ट तिथं नव्यानं उभी करणं कठीण असतं. प्रकरण पुन्हा खाली पाठवलं गेलं तर आणखी काही वर्षं. अपील उशिरा केलं तर त्या उशिराच्या काळाचं व्याज बहुधा मिळत नाही.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. स्त्री असाल तर उत्पन्न बघत नाहीत. बेळगावच्या कोर्ट आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती. मराठी समजणारा वकील द्या असं अर्जात लिहा.

माझा अर्ज तर दाखल झालाय. आता काय करू?

अर्जाची प्रत मागा. देत नसतील तर कोर्टाच्या नक्कल विभागातून तुम्ही स्वतः सही-शिक्क्याची प्रत काढू शकता. केसचा एमव्हीसी नंबर आणि वर्ष एवढं पुरतं. घरी बसून कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून किंवा पुतण्याकडून ती ओळीनं मराठीत वाचून घ्या. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि पोलिसांचे कागद ठेवा. जिथं ‘हे असं नव्हतं’ वाटेल तिथं पेन्सिलनं खूण करा, आणि तुमची साक्ष सुरू होण्याच्या तारखेआधी तो कागद घेऊन वकिलांकडे जा.